काचेखालची यादी

माझ्या नवऱ्याला माझं सगळं ठाऊक आहे. माझी पगाराची स्लिप, माझ्या गुडघ्याचा एक्स-रे, कुठल्या नणंदेशी मी किती दिवस अबोला धरला होता ते, सगळं. हे मात्र ठाऊक नाही. मुलीलाही नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही या एका गोष्टीवरून मी घाईघाईनं पुढं सरकते. आज तुम्हाला सांगायला बसलेय. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

आधी एक स्पष्ट करते, उगाच गैरसमज नको. मी कामात वाईट नाही. उलट फार चांगली आहे. भोरमधल्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे, आणि इथं पुस्तकांवर झालेला एकेक रुपया कुठं गेला हे विचारलंत तर हातातला चहा गार व्हायच्या आत सांगेन. माझ्या आधी काय होतं? एक लांबलचक वही, आणि तीत 'किरकोळ' नावाचा एक रकाना. इतिहासाची पुस्तकं किरकोळ, नकाशे किरकोळ, खुर्चीचा मोडलेला पाय बसवून घेतला तोही किरकोळ. वर्षअखेरीला कुणी खर्चाचा अहवाल मागितला की सगळे एकमेकांची तोंडं बघायचे.

मी कोड केले. एका दिवाळीच्या सुट्टीत, घरात चकल्यांचं पीठ तसंच ठेवून मी ते काम पुरं केलं. प्रत्येक विषयाला एक नंबर, प्रत्येक योजनेला एक नंबर, मासिकांना वेगळा, बांधणीला वेगळा. शिक्षकांनी मागणीपत्रक भरायचं, वरच्या चौकटीत कोड घालायचा. तो कोड आणि रक्कम मी कॉम्प्युटरमध्ये चढवणार. मग बटण दाबलं की कुणाची मागणी किती, मंजूर किती, खर्च किती, सगळं एका पानावर. कोड नसलेलं पत्रक मी परत पाठवायचे. एकदा प्राचार्यांचंही पाठवलं. स्टाफरूममध्ये माझ्या पाठीमागं मला 'नंबरवाली बाई' म्हणायचे, आणि खरं सांगू का — मला ते आवडायचं.

या कोडांतला एक होता बुक बँकेचा. वेल्ह्याकडच्या वरच्या वाड्यांवरून, भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडून आमच्याकडे मुलं येतात. घरी मेंढरं, शेळ्या, दोन-चार गुरं. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. अशा मुलांना 'आठवड्याला येऊन पुस्तक बदलून न्या' म्हणणं म्हणजे त्यांची चेष्टाच की नाही? म्हणून त्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या विषयांचा एक संच द्यायचा, आणि परीक्षा संपली की त्यांनी तो परत आणून द्यायचा. ही बुक बँक. काही संच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, जसेच्या तसे परत यायचे. मला त्याचं कौतुक होतं. आजही आहे.

आता वैशालीबद्दल.

वैशाली भूगोल शिकवायला आली ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही हे पुढच्या जूनलाच कळणार. किकवीची मुलगी. रोज स्कूटीवरून यायची, हेल्मेट काढलं की केस विस्कटलेले, आणि तशीच थेट वर्गात. मुलं तिच्यावर खूश होती. त्या वर्षी तिनं एक काम अंगावर घेतलं, कुणी सांगितलेलं नसताना. वरच्या वाड्यांवरच्या पोरांना एकेकाला गाठून, कुणाकडे कुठलं पुस्तक नाही याची यादी केली. नावं, वर्ग, विषय, सगळं रेघांच्या कागदावर सुबक लिहिलेलं. ती यादी आणि कोरं मागणीपत्रक घेऊन ऑगस्टात एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, बुक बँकेचा कोड काय टाकू?"

मी काहीतरी टाईप करत होते. मान वर न करता म्हणाले, "सतरा. काचेखाली बघ ना, यादी आहे."

माझ्या टेबलावर काच होती, अजून आहे. तिच्याखाली मी कोडांची यादी सरकवून ठेवली होती. वैशालीनं वाकून पाहिलं. सतरा — बुक बँक. तिनं चौकटीत सतरा लिहिलं, सही केली, मला पत्रक दिलं आणि तासाला पळाली.

ती यादी आदल्या वर्षीची होती. त्या जूनमध्ये दोन नवे विषय सुरू झाले म्हणून मी कोडांची फेरमांडणी केली होती. नवी यादी कॉम्प्युटरमध्ये होती, कायम शिक्षकांना परिपत्रकानं गेली होती. तासिकावाल्यांना परिपत्रक द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही. नव्या यादीत सतरा म्हणजे कॉमर्सचे संदर्भग्रंथ. काचेखालचा कागद बदलायचा राहून गेला होता आणि माझ्या तोंडात अजून जुनाच आकडा होता.

तर ही झाली चूक. माझी, शंभर टक्के माझी. पण चूक कोणाचीही होते, आणि चुकीची कबुली द्यायला मी इतकी वर्षं घेतली नसती. कबुली वेगळीच आहे. थांबा, क्रमानं सांगते.

माझ्या पद्धतीत पैसे मंजूर करणाऱ्या ग्रंथालय समितीपुढं पुस्तकांची नावं जायची नाहीत, फक्त कोड आणि बेरजा जायच्या. त्याचाच तर मला अभिमान होता! समितीनं पाहिलं — बुक बँकेची मागणी शून्य. मागणी नाही तर तरतूद कशाला? बुक बँकेला शून्य मिळालं. कॉमर्सच्या पदरात मागितल्यापेक्षा बरंच जास्त पडलं. जास्त आलेल्या पैशाची कुणी चौकशी करतं का? विभागप्रमुख पुण्याच्या पुस्तक प्रदर्शनात गेले आणि हातभर जाडीचे ग्रंथ घेऊन आले. बिलावर कोड सतरा. माझ्या अहवालात मागणी, मंजुरी आणि खर्च रुपयाला रुपया जुळला. मी खूश.

जानेवारीत उरलेल्या ऑर्डरी काढायला मी मागणीपत्रकांचा गठ्ठा सोडला आणि वैशालीचं पत्रक हाती आलं. वर सतरा, आणि खाली? प्राकृतिक भूगोल, मराठी, अर्थशास्त्राची पहिल्या वर्षाची पुस्तकं. दोन मिनिटं मला कळेचना. मग मी काचेखाली पाहिलं. तिथं अजून सतरा — बुक बँक.

तेव्हाही सगळं सावरता आलं असतं. बांधणीच्या कोडातले पैसे शिल्लक होते. प्राचार्यांना एक पान लिहायचं होतं — ग्रंथपालाकडून चुकीचा कोड दिला गेला, सबब या कोडातून त्या कोडात रक्कम वळवावी. एवढंच. ते पान मी मनात तीन वेळा लिहिलं. कागदावर लिहिलं नाही. कारण फेब्रुवारीत बाहेरची समिती कॉलेज तपासायला येणार होती, आणि 'आमच्या ग्रंथपालांनी स्वतः तयार केलेली पद्धत' म्हणून प्राचार्य माझे कोड तिच्यापुढं मांडणार होते. मला फाईल करायला सांगितली होती. पहिल्या पानावर माझं नाव येणार होतं. त्याच्या तोंडावर 'माझा कोड चुकला' असं मी लिहून देऊ?

नाही दिलं. आणि गप्प राहिले. पण कबुली हीसुद्धा नाही.

वैशाली विचारायला आली, "मॅडम, पोरांचे संच कधी येणार?" मी म्हणाले, बघते. पुन्हा आली, पुन्हा म्हणाले, बघते. पोरं तोवर एका पुस्तकाचे मोबाईलवर फोटो काढून पाच-पाच जणांत वाचत होती. शेवटी ती सरळ प्राचार्यांकडे गेली. रीतसर गेली, माझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही. प्राचार्यांनी ग्रंथालय समितीची बैठक लावली आणि तिला बोलावलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी मी काच उचलली आणि यादी काढली. चार तुकडे केले, मग त्यांचे आणखी तुकडे केले. काचेखाली एका पतपेढीचं कॅलेंडर सरकवलं.

तेव्हा आमचे ज्ञानूमामा तिथं होते. ग्रंथालयातले परिचर, भाटघरकडचे, माझ्याआधीपासून नोकरीत. मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायचे. पुस्तकांवर शिक्के मारता मारता त्यांनी विचारलं, "ताई, यादी कुटं गेली वो काचंखालची?"

"जुनी झाली होती मामा. फाडली."

"व्हय का," म्हणाले, आणि शिक्के मारायला लागले.

बैठकीत मी फार व्यवस्थित बोलले. मला बोलता येतं, तो माझा गुणच आहे. मी पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, चौकटीतला कोड वैशाली मॅडमच्या स्वतःच्या अक्षरात आहे, खाली त्यांची सही आहे, आणि सतरा हा कॉमर्सचा कोड असल्याचं परिपत्रक जूनमध्येच निघालेलं आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तुम्ही तपासून घ्या, मी हजार वेळा तपासलंय. वैशालीनं पत्रक हातात घेतलं, स्वतःचं अक्षर पाहिलं. तिचा चेहरा पडला. "माझ्याकडून चुकलं असेल, सर," एवढंच ती म्हणाली. प्राचार्यांनी 'कागदपत्रांत हलगर्जी' असा शेरा इतिवृत्तात घालायला सांगितला. इतिवृत्त मीच लिहिते. माझ्याच अक्षरात तो शेरा आहे.

हे खोटं नव्हतं म्हणता म्हणता मी कितीतरी वर्षं काढली. पण आता ते सांगते, ज्यासाठी बसलेय.

बैठक संपल्यावर वैशाली ग्रंथालयात आली. भांडायला नाही. माझ्या टेबलाशी उभी राहिली, काचेकडे बघत. कॅलेंडरकडे. मग अगदी हळू, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून, म्हणाली, "मॅडम, हितं एक यादी होती ना? त्यात बघूनच मी सतरा लिहिलं, असं मला सारखं वाटतंय."

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "इथं? इथं कधीच यादी नव्हती, वैशाली. पहिल्यापासून कॅलेंडरच आहे."

असं म्हणाले. आवाज जराही हलला नाही. वर हसलेही थोडी, समजुतीनं. म्हणाले, "दमलीयेस तू. रोज किकवी-भोर करतेस, होतं असं."

यादी होती. तिनं बरोबर पाहिलं होतं, बरोबर लिहिलं होतं, तिला बरोबर आठवत होतं. आणि मी तिला सांगितलं की तिच्या डोळ्यांवर तिनं विश्वास ठेवू नये. ही माझी कबुली. चूक नाही, गप्प बसणं नाही — हे एक वाक्य, आणि ते हसू.

तिनं विश्वास ठेवला, हे त्यातलं सगळ्यात वाईट. ती दोन क्षण काचेवर बोट ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मग माझाच घोळ झाला." आणि वर माझी माफी मागितली. मी माफ केलं. हो, तेही केलं मी.

ज्ञानूमामा कपाटापाशी होते, हातात पुस्तकांची चळत. त्यांनी सगळं ऐकलं. मी मनात म्हणत होते, आता बोलतील, आता बोलतील. ते बोलले नाहीत. शिपायानं ग्रंथपालाविरुद्ध काय बोलायचं? निवृत्तीला वर्ष राहिलेलं. पण संध्याकाळी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाले, "येतो मॅडम." त्या दिवसापासून ते निवृत्त झाले तोवर मी त्यांना मॅडमच राहिले. मला राग यायचा त्यांचा. खरंच, राग यायचा! माझं गुपित पोटात घालून फिरणाऱ्या माणसाचा राग.

जूनमध्ये वैशालीला बोलावणं आलं नाही. तिच्या जागी दुसरी बाई आली. कारण कुणी लेखी देत नाही अशा वेळी, पण प्राचार्यांनी तासिकावाल्यांच्या नावांवर टिक करताना मला विचारलं होतं, "त्या भूगोलाच्या, कागदपत्रांत घोळ करणाऱ्या, त्याच ना?" मी म्हणाले, "हो." हे दुसरं वाक्य. पहिल्याइतकंच मोजून बोललेलं.

बाहेरच्या समितीला माझी पद्धत आवडली. फाईल अजून प्राचार्यांच्या कपाटात आहे, पहिल्या पानावर माझं नाव. आसपासच्या दोन कॉलेजांनी माझे कोड उचलले. त्यांच्या ग्रंथपालांना मी शिकवायला जाते, आणि चांगलं शिकवते. मागणीपत्रकावर कोडशेजारी पुस्तकाचं नाव तपासून मग आकडा चढवायचा, ही पायरी मी पुढच्याच वर्षी घातली. तासिकावाल्यांनाही परिपत्रक द्यायला लावलं. बुक बँकेला आता दरवर्षी आधी रक्कम बाजूला निघते, मागणी येवो न येवो. हे सगळं मी केलं. यानं काही फिटतं असं मी म्हणत नाही. फिटत नाही. ज्या पोरांनी त्या वर्षी मोबाईलवरच्या फोटोंवर परीक्षा दिली, त्यांना पुढच्या वर्षीचे संच देऊन काय उपयोग?

या सगळ्याला आता आठ वर्षं होतील. तुम्हाला वाटेल, जुनी गोष्ट आहे, तेव्हा भित्री असेल, आता सांगतेय म्हणजे सुधारली. म्हणून मागच्या महिन्यातलंही सांगते.

मला शेताचा सातबारा काढायचा होता. भोरमधल्या दुकानातलं नेट दोन दिवस बंद, कुणीतरी सांगितलं की किकवीत हायवेला एक ऑनलाइन कामांचं दुकान आहे, तिथं लगेच मिळतं. गेले. काउंटरमागं वैशाली.

तिनं मला ओळखलं, उठून उभी राहिली, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. दुकान तिचंच होतं, व्यवस्थित चाललेलं. माझ्याआधी एक म्हातारे बाबा होते, वरच्या वाडीवरचे, खांद्यावर घोंगडी. त्यांच्या आधार कार्डाचा नंबर वैशाली मोठ्यानं वाचत होती. एकदा वाचला. मग पडद्यावरचा वाचला. मग पुन्हा कार्डावरचा, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून. मग शेजारच्या माणसाला म्हणाली, "दादा, तुमी बी वाचा जरा." बाबा वैतागले.

"पोरी, किती येळा वाचशील? आकडं काय पळून जात्यात व्हय?"

ती हसली. "बाबा, आकडं न्हाई पळत. माझंच डोळं दगा देत्यात." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी कौतुकानं म्हणाली, "ह्या आमच्या मॅडम. ह्यांना माहितीये. कॉलेजात मला एकदा नसलेली यादी दिसली होती, आणि केवढा घोळ केला मी! दुसरं कुणी असतं तर त्या यादीवरून चारचौघांत हसं केलं असतं माझं. ह्यांनी किती समजुतीनं घेतलं. तेव्हापासून मी एकटीच्या डोळ्यांवर काही सोडत नाही. दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय बटणच दाबत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबासुद्धा. तिथं बोलायला वेळ होता, कारणही होतं आणि माझ्या नोकरीला कसलाही धोका नव्हता. पुढच्या वर्षी मी निवृत्तच होतेय. एक वाक्य पुरलं असतं, तेही चार शब्दांचं.

"चांगली सवय आहे," मी म्हणाले. "सोडू नकोस."

तिनं मान डोलावली आणि बाबांचा नंबर पुन्हा पहिल्या आकड्यापासून वाचायला घेतला.